गौरीला लवकर बघायला या

हसू नका, असं आधीच बजावून ठेवतो. हसणारच तुम्ही! पण निदान गौरी चहा घेऊन बाहेर येईल तेव्हा तोंडं सरळ ठेवा. गौरी म्हणजे माझी बायको, परवाच माहेराहून परत आलीय. सगळा घोटाळा त्या नावातच झाला. खरं तर माझ्या डोक्यात झाला, पण ते पुढं येईलच.

बारामतीत मी मोबाईलची ॲपं बनवतो. लासुर्ण्याच्या एका जनावरांच्या डॉक्टरबाईंसाठी एक केलं होतं. जनावर आजारी पडलं की मालकानं त्याचं नाव आणि त्रास लिहायचा, बटण दाबायचं. माहिती थेट क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये, आणि डॉक्टरबाईंना लगेच मेसेज. आहे काय त्यात?

पहिला प्रयोग सणसरला, तात्या म्हणून एका शेतकऱ्याच्या गोठ्यात. त्यांची एक गाय नेमकी त्याच सकाळी बिघडली होती. मला तर तो मुहूर्तच वाटला! लाज वाटते आता सांगायला.

"तात्या, नाव काय गाईचं?"

"गौरी."

मी जरा चपापलो. पण बायकोचं नाव तात्यांना सांगायची ती वेळ होती का?

"काय होतंय तिला?"

"सकाळपासनं खात न्हाय. जवळ गेलं की लाथा घालती."

मी लिहिलं, 'गौरी सकाळपासून काही खात नाही. लाथा घालते. लवकर बघायला या.' बटण दाबलं. 'सेव्ह झालं' अशी हिरवी अक्षरं आली. मी ऐटीत लॅपटॉप उघडला, तर डेटाबेस कोरडा ठणठणीत!

रेंज नसेल म्हणून उसाच्या ट्रॉलीवर चढलो. परत लिहिलं, 'गौरीला बांधून ठेवलंय. कुणाला आवरत नाही.' सेव्ह झालं. डेटाबेस रिकामाच. ॲप काढून टाकलं, परत घातलं. मोबाईल बंद करून चालू केला. दर खेपेला नवा मेसेज. 'गौरीचं पोट फुगलंय.' 'गौरी आता ओरडतेय.'

"अवो सायब, डाक्टरीण कवा येनार?" तात्या रडकुंडीला आले.

"येतील तात्या. तेवढी रेंज येऊ द्या."

"रेंजनं गाय बरी हुती व्हय?"

डॉक्टरबाईंचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता बरं का! पण साधा फोन करायचा तर ॲप कशाला केलं, या हट्टापायी मी तो लावला नाही. शेवटी गाईनं अंगच टाकलं. तात्या तिच्या मानेला मिठी मारून बसले. तेव्हा कुठं मी फोन लावला.

डॉक्टरबाई गाडी दामटत आल्या. माझ्याकडं फक्त एकदा बघितलं. ते बघणं पुरे होतं. मग त्या कामाला लागल्या, आणि बऱ्याच वेळानं गाय उठून उभी राहिली.

एवढ्यात इंदापूरहून सासऱ्यांचा फोन. त्यांना मी मामा म्हणतो. मघापासून ते सारखे फोन करत होते आणि मी कट करत होतो.

"पाव्हणं, गौरी कशी हाय?"

मला वाटलं, बायकोनं सणसरच्या कामाचं सांगितलं असणार. गाईचं नावसुद्धा इंदापूरपर्यंत कसं पोचलं, हा विचार मनात आला नाही. असा मी हुशार!

"आता बरी आहे मामा! चौघांनी दाबून धरली, जबडा उघडून तेल पाजलं."

पलीकडं मामा कुणाला तरी "जीप काढा" म्हणाले.

"पोटातला वारा निघाला. आता दावं सोडलंय, लाथाही घालत नाही."

"आमी निघालो," मामा म्हणाले, आणि फोन ठेवला.

घरी पोचलो तर दारात जीप. आत मामा, मामी, चुलतसासरे. गौरी नुकतीच शाळेतून आलेली. ती शिक्षिका आहे, वर्गात मोबाईल बंद ठेवते, म्हणून त्यांना ती दिवसभर सापडली नव्हती. मामी रडत रडत तिची बॅग भरत होत्या आणि गौरी "अगं, पण झालंय काय?" म्हणून विचारत होती.

मामांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. "हे काय हाय?"

ओळीनं मेसेज. माझ्या नावानं. 'लाथा घालते.' 'बांधून ठेवलंय.'

आणि मी काय केलं असेल? मी आनंदानं ओरडलो, "मामा, सेव्ह झालं! सगळं सेव्ह झालं!"

चुलतसासऱ्यांनी बाह्या सरसावल्या.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ॲप तयार करताना मी सरावासाठी वेगळा डेटाबेस केला होता, आणि त्याचे मेसेज बायकोच्या जुन्या मोबाईलवर सोडले होते. पुढं तो मोबाईल सिमसकट आम्हीच मामांना दिला. आणि सणसरला जाताना ॲपमधला सरावाच्या डेटाबेसचा पत्ता बदलायचा, तेच मी विसरलो. मी उघडून बघत होतो खरा डेटाबेस, आणि भरत होतो सरावाचा!

हात जोडून सगळं सांगितलं. तात्यांना फोन लावून दिला, त्यांनी साक्ष दिली. मामी डोळे पुसत हसायला लागल्या. सुटलो, असं वाटलं.

पण गौरी हसली नाही.

"गाईसाठी दिवसभर मेसेज, ट्रॉलीवर चढणं, डॉक्टर, तेल, चौघं माणसं," ती शांतपणे म्हणाली. "मागच्या आठवड्यात मी तापानं फणफणले होते, तेव्हा तू काय म्हणालास? 'गोळी घे, मी सर्व्हर बघून येतो.'"

मी खाली मान घालून बसलो. खरंच होतं ते.

ती उठली, बॅगेची चेन लावली आणि जीपमध्ये जाऊन बसली. मामा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाव्हणं, सणसरची गौरी सुखरूप हाय, लई बरं वाटलं. आमचीचं काय ते विचार करून कळवतो."