‘फाइन’ म्हणायचं नाही

बातमी आली तेव्हा मी नववी ‘ब’मध्ये भूमितीचा चाचणी पेपर वाटत होते. शिपाई रशीदभाई दारात आले. “मॅडम, हेडसर बोलावून राहिले,” म्हणाले आणि माझ्या हातातले उरलेले पेपर त्यांनी स्वतःच घेतले. इंग्रजीच्या ट्रेनिंगसाठी सकाळी अकोल्याला गेलेले गावंडे सर तिथेच कोसळले होते. हार्ट अटॅक.

गावंडे सर म्हणजे माझे यजमान. एकाच शाळेत असल्यामुळे मीही त्यांना सरच म्हणत असे. पुढचे पंधरा दिवस तेल्हाऱ्याच्या आमच्या घरी जो भेटायला आला, तो एक किस्सा ठेवून गेला. रडायला आलेली माणसं हसून जायची! मग माझेही किस्से त्यात मिसळले.

*

सरांचा वर्गातला पहिला नियम : ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे, तो प्रश्न विचारायचा नाही.

एकदा तपासणीला साहेब आले. पेन उंच धरून म्हणाले, “व्हॉट इज धिस?” साहेबांनी पुन्हा विचारलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी नसरीन उठली आणि अगदी काळजीनं म्हणाली, “सर, यू डोन्ट नो?”

*

“हाऊ आर यू?” म्हटलं की वर्ग एका सुरात “आय अ‍ॅम फाइन, थँक यू!” म्हणायचा. हात प्लास्टरमध्ये असलेला मंगेशसुद्धा! सरांनी ‘फाइन’वर बंदीच घातली. जे असेल ते खरं सांगायचं.

दुसऱ्या दिवशी मंगेश म्हणाला, “सर, बफेलो लॉस्ट.”

“देन व्हाय आर यू हिअर? गो!”

मंगेश गेला. त्याच्यामागे अर्धा वर्ग गेला! म्हैस सापडली, पण माझा गणिताचा तास बुडाला. हेडसर हजेरीपट घेऊन आले, “गावंडे, कारण काय लिहू?”

“लिहा, स्पोकन इंग्लिश!”

*

त्या वर्षांत कापसाचं काही खरं नव्हतं. नसरीननं एकदा सांगितलं, “सर, फादर नो टॉक. फाइव्ह डेज.” सरांनी तिचं इंग्रजी दुरुस्त केलं नाही. संध्याकाळी सायकल काढली आणि तिच्या घरी जाऊन बापाजवळ बसले. परत आल्यावर मी विचारलं, “कुठं गेला होता?”

“होमवर्क होता,” म्हणाले.

*

घरीही सुटका नव्हती. सकाळी मी पोळ्या करत असले की मागून आवाज, “मॅडम, हाऊ आर यू?”

“पोळी जळून राहिली, सरका तिकडं!”

“व्हेरी गुड! ट्रू अ‍ॅन्सर!”

*

आमच्या दोन वर्गांमध्ये टिनाचं पार्टिशन होतं. पलीकडचं सगळं ऐकू यायचं. ट्रेनिंगच्या आदल्या दिवशी, शेवटच्या तासाला, नसरीननं विचारलं, “सर, हाऊ आर यू?”

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, “फाइन.”

अख्खा वर्ग ओरडला, “फाइन नॉट अलाउड!” त्यात मंगेशचा आवाज सगळ्यांत मोठा, “आमाले बंदी अन् तुमाले मोकळं कावून, सर?”

सर हसले. बेल झाली. पार्टिशनच्या अलीकडे मीही हसले, माझा वर्गही हसला. घरी गेल्यावर विचारू, म्हटलं.

घरी गेल्यावर मला दुसऱ्या दिवशीच्या भूमितीच्या पेपरातल्या आकृत्या काढायच्या होत्या. मी विचारलं नाही.