तिसरी खेप

कोणतीही गोष्ट तिसऱ्यांदा घ्यायला घाबरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे कॅनडातल्या सस्काटूनमधले माझे पीएचडीचे गाइड. चहा दोन कप, पोळ्या दोन, मराठी मंडळाचं अध्यक्षपदही दोनदाच. मंडळाने तिसऱ्यांदा गळ घातली तेव्हा सर दिवाळीचा फराळ अर्धवट टाकून घरी निघून गेले. काकू म्हणायच्या, "श्रीखंडाचा तिसरा चमचा वाढला की यांना झांबिया आठवतो."

तरुणपणी सर झांबियाच्या राजधानीत, लुसाकाला, कायदा शिकवत होते. देश नुकताच स्वतंत्र झालेला, घटना कोरी करकरीत. पाहता पाहता ती बदलली आणि देशात एकच पक्ष उरला. पुढे बाकीचे पक्ष परतले, अध्यक्षाला दोनच खेपा असं घटनेत लिहिलं गेलं. तरी एका अध्यक्षांना तिसरी हवीशी वाटली, तेव्हा लोकांनी दर शुक्रवारी संध्याकाळी गाड्यांचे हॉर्न वाजवून नको म्हटलं. हे सांगताना सर भर वर्गात तोंडाने हॉर्न वाजवत. शेजारच्या वर्गाचं दार मग हळूच लागे.

माझा प्रबंध याच विषयावर होता. आमच्या घरात दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं. उदगीरहून आणलेलं माझं इंग्रजी सरांनी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून, एकदाही न हसता, नीट केलं.

दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात सरांना निवृत्तीनंतर विद्यापीठाने दिलेली दुसरी मुदत संपत आली. माझा प्रबंध अर्धाच झाला होता. गाइड बदलला तर वर्ष जाणार, स्कॉलरशिपही जाणार. सर म्हणाले, "तुझ्यासाठी तिसरी घेतो. एकच वर्ष."

मला हायसं वाटलं. पण मग काकूंचा फोन आला. सर सोमवारी मुदतवाढीवर सही करणार होते आणि दोन दिवस धड जेवले नव्हते.

शुक्रवारी संध्याकाळी मी माझी जुनी गाडी त्यांच्या दारात उभी केली आणि हॉर्न दाबून धरला. त्या गल्लीत हॉर्न कोणी ऐकलाच नव्हता. सर घरातल्या चपलांवरच बर्फात आले.

"अरे, झालं काय?"

"शुक्रवार आहे, सर."

सर चष्मा पुसत म्हणाले, "गाढवा, डिग्री लांबेल तुझी."

"लांबू दे. प्रबंधात एक लिहायचं आणि दारात दुसरं वागायचं का?"

"आत ये. माझा दुसरा कप राहिलाय."

सही झाली नाही. वर्षभर मी ग्रोसरीच्या दुकानात काम केलं. नवे गाइड मिळाले, पण प्रत्येक प्रकरण आधी सरांनीच वाचलं, त्याच टेबलाशी, कोणत्याही पदाशिवाय. डिग्री मिळाली.

आता सर आणि काकू दूर स्कारबरोला मुलीकडे असतात. शुक्रवारी त्यांच्या इथल्या जुन्या घरावरून जाताना मी हॉर्न दोनदा वाजवतो. पडदा हलतो, अनोळखी चेहरा दिसतो. तिसऱ्यांदा हात जातो, आणि मी तो मागे घेतो.