अबोलीला वास नसतो

माझ्या थोरल्या बहिणीवर अन्याय झाला तो कल्याणात, तिच्या सासरी, नवऱ्याच्या दहाव्या दिवशी सकाळी, न्हावी मागच्या दाराने आला तेव्हा. ती एकोणीस वर्षांची होती. केशवपनाच्या विरुद्ध ठाण्यात पत्रके वाटणारा मी, तिचा भाऊ, त्या वेळी ओटीवर बसून होतो. हललो नाही.

पुढे ती ठाण्यास माहेरी आली. तिचे मन रमावे म्हणून मी वाचनालयातून एक कादंबरी आणली. गावातले शिकलेले लोक ती कादंबरी वाचून रडत होते. दुपारी अक्का तांदूळ निवडी, मी वाचून दाखवी. शेवटी नायिका मरते, नवरा तिच्या केसांत तोंड खुपसतो आणि अबोलीच्या सुगंधाने खोली भरून जाते. मी पुस्तक मिटून डोळे पुसले. अक्का हसली.

"अरे, अबोलीला वास नसतो. म्हणून तर आम्ही तिच्यात दवणा ओवायचो."

"कादंबरी आहे, अक्का."

"असेल. पण ह्या लिहिणाऱ्याने बायकोच्या केसांत कधी नाक घातलेलं नाही." सुपातला एक खडा तिने बाजूला टाकला. "ते गेले तेव्हा खोलीत सुंठीच्या काढ्याचा वास होता. ओकारीचा होता. माझ्या केसांना शिकेकाईचा होता. शेवटी त्यांना बोलवेना, तर माझी वेणी मुठीत धरून पडून राहिले. तीच वेणी कापली. तू ओटीवर होतास ना? कुठे टाकली रे ती?"

मला ठाऊक नव्हते. मी विचारलेच नव्हते.

"आता बोटभर वाढलेत," ती म्हणाली. "परवा न्हावी यायचाय. एवढे तरी राहू देत."

न्हावी यायच्या दिवशी मी मागच्या दारात आडवा उभा राहिलो. वडील म्हणाले, "बाजूला हो. पत्रक लिहायचं असेल तर ओटी रिकामी आहे." मी सरलो नाही. दोघा काकांनी दंड धरून मला ओढले, माझा सदरा फाटला. तेवढ्यात अक्का बाहेर आली. "त्याला सोडा. मी बसते," म्हणाली, आणि न्हाव्यापुढे मान खाली घालून बसली.

वाचकहो, कादंबरीतल्या मेलेल्या बाईसाठी रडणे पुरे. तुमच्या घरातली जिवंत आहे आणि तिच्याकडे न्हावी मागच्याच दाराने येतो. त्या दाराला आतून कडी घाला आणि दोघे-तिघे मिळून उभे राहा. मी एकटा पुरलो नाही.