ट्रंक पुढे ओढली तेव्हा

बंगळूरला येऊन आठ महिने झाले तरी त्या शहरात मला नावाने हाक मारणारे कोणी नव्हते. आमचा निपाणी भाग म्हैसूर राज्यात गेला आणि घरातला पहिला पदवीधर म्हणून मी मोठ्या उमेदीने सरकारी कचेरीत कारकून झालो. पण कचेरीतले कन्नड माझ्या कानावरून निघून जाई. चिकपेटेत ज्यांच्या माडीवर मी राहत असे ते पिढ्यांपासून तिथले मराठीच. तरी जिन्यात भेटल्यावर ‘ऊट आयता?’, म्हणजे जेवण झाले का, एवढे विचारून ते दुकानात शिरत. संध्याकाळी दत्तगुरूंच्या तसबिरीपुढे बसलो की ओठ हलत, मन मात्र कोरडे राही. वाडीचे महाराज इतक्या लांब मला ओळखत तरी असतील का, अशी शंका येई. घरी पत्रात मात्र मी ‘सर्व मजेत’ असेच लिहीत होतो.

दिवसभरात मी धड चार वाक्ये बोले ती जटक्यात. जटका म्हणजे तिथला टांगा. आत गवतावर चटई अंथरलेली, माणसे मागून चढून मांडी घालून बसत. वजन बघून कोणाला कुठे बसवायचे हे जटकेवाला ठरवी. मी हडकुळा, त्यामुळे उरल्यासुरल्या जागेत, त्याच्या खांद्याशी. तिथून बोलणे आपोआप सुरू होई. कोणी घोड्याच्या खोड्या सांगे, कोणी जावयाच्या. त्यांत एक म्हातारे चाचा होते. त्यांच्या दखनीतले ‘नक्को’ पहिल्यांदा ऐकले तेव्हा गावचे कोणी भेटावे तसे वाटले. मग मी कचेरी सुटली की त्यांच्याच जटक्याची वाट पाहू लागलो.

एकदा त्यांनी सहज विचारले, वडील काय करतात? मी म्हणालो, तंबाखूचा व्यापार. खरे तर आप्पा तंबाखूच्या वखारीवर बैलगाडी हाकत. जो माणूस स्वतः गाडी हाकतो त्याच्यापुढे मला हे सांगायची लाज का वाटली, ते आजही कळत नाही. त्यानंतर त्यांच्याशी बोलतानाही मी मोकळा राहिलो नाही, आणि माझा तेवढा एक आसराही गेला.

शेवटी एका गुरुवारी सकाळी मी राजीनामा लिहून खिशात घातला. उपवास होता. तसबीर ट्रंकेत ठेवताना तोंडून निघून गेले, ‘महाराज, मला हे ओढवत नाही. आता तुम्ही बघा.’ आठ महिन्यांत मनापासून केलेली ती पहिली प्रार्थना असावी. संध्याकाळच्या गाडीने गावी निघायचे आणि राजीनामा स्टेशनवरच्या टपालपेटीत टाकायचा, असे ठरवले होते.

नाक्यावर चाचांचाच जटका उभा होता. आत दोन धिप्पाड व्यापारी आधीच बसलेले. चाचांनी घाईत माझी पुस्तकांची ट्रंक मागच्या कडेलाच चढवली आणि मला पुढे घेतले. चढ लागला तशा पुढच्या दांड्या वर उचलल्या, पोटाखालचा पट्टा ताणला, घोडा मान वर काढून अडखळू लागला. मी काही विचार न करता ओरडलो, ‘उलाळ झाली!’ मागे वजन जास्त होऊन गाडी कलली की आप्पा असेच ओरडत. उडी मारली, व्यापाऱ्यांना पुढे सरकवले, ट्रंक त्यांच्यामधून ओढत चाचांच्या पायाशी आणली आणि घोड्याच्या पाठीवर तळवा ठेवला. आप्पांना मी हे शेकडो वेळा करताना पाहिले होते.

चाचांनी माझ्या हाताकडे पाहिले. ‘ये हात कचेरी के नई, साब. किसके हय?’

मग मला काही लपवता आले नाही. आप्पांची गाडी, माझा खोटेपणा, खिशातला राजीनामा, सगळे मोडक्या हिंदीत सांगून टाकले. व्यापारी वाटेत उतरले. चाचांनी एवढेच विचारले, तू इथे एकटा पडलास हे वडिलांना ठाऊक आहे का? मी मान हलवली, नाही. स्टेशनपुढे त्यांनी लगाम खेचला आणि घोड्याकडे बघत म्हणाले,

‘बोझा भारी हय करके जानवर नक्को नई बोलता, बेटा. पिच्छे लटका तो नक्को बोलता.’

मी ट्रंकेवर हात ठेवला. त्यांनी विचारले, ‘उतरते क्या?’ मी म्हणालो, परत चला.

त्याच संध्याकाळी मी आप्पांना पहिले खरे पत्र लिहिले. चाचांच्या तोंडून कोण बोलले, याची चर्चा मी कधी कोणाशी केली नाही. सकाळी मी हात टेकले होते आणि संध्याकाळी मला उत्तर मिळाले, एवढेच मला ठाऊक. एकटेपण लगेच गेले नाही. पण ते मागे लोंबकळत ठेवायचे नाही, रोज तसबिरीपुढे आणून ठेवायचे, हे कळले. पुढचे ओढणारा तो आहे.

पत्र पोचल्यावर पंधरवड्यात आप्पा आले. स्टेशनबाहेर चाचांनी त्यांना हाताला धरून पुढे, आपल्या खांद्याशी बसवले. एकाची भाषा दुसऱ्याला अर्धीमुर्धीच कळत होती, तरी चिकपेट येईपर्यंत दोघे खुरांविषयी आणि नालांविषयी बोलत राहिले. मी मागे बसलो होतो. मध्येच आप्पांनी वळून पाहिले आणि म्हणाले, ‘जरा पुढं सरक रे.’

मी पुढे सरकलो.