खाणीच्या तोंडाशी आप्पा

आई-आप्पा तीन आठवड्यांसाठी माझ्याकडे प्रागला आले. पहिल्या आठवड्यातच माझी रजा संपली आणि दोघं खिडकीत बसून ट्राम मोजायला लागले. आप्पा दर तासाचा आकडा एका कागदावर लिहून ठेवायचे आणि मी ऑफिसातून आले की मला वाचून दाखवायचे. हे काही खरं नाही म्हणून मी शनिवारची एक सहल ठरवली. कुटना होरा हे चांदीच्या जुन्या खाणींचं गाव, प्रागपासून तासाभरावर. आठ माणसांची छोटी गाडी, कुठंही घाई नाही, असं जाहिरातीत लिहिलं होतं. ते वाचून आप्पांनी समाधानानं मान डोलावली, आणि गाडी साडेनऊची असताना साडेसातला बूट घालून दारात उभे राहिले.

गाडीत दोन म्हाताऱ्या डच बहिणी, एक ब्राझीलचं जोडपं, एक एकटा कोरियन आणि आम्ही तिघं. गाडी चालवणारी बाईच माहिती सांगायची. आप्पांनी तोडक्यामोडक्या कंपनी-इंग्रजीत प्रत्येकाला "विच कंपनी? विच डिपार्टमेंट?" असं विचारून घेतलं. आईनं पहाटे उठून केलेले धपाटे बाहेर काढले. मी "आई, इथं असं चालत नाही" म्हणेपर्यंत डच बहिणींनी दोन-दोन उचललेही होते. पुढच्या सगळ्या रस्त्यात माझं कुणाला काही कामच नव्हतं.

गावाबाहेर हाडांचं एक चर्च आहे. आत हजारो माणसांच्या कवट्या आणि हाडं रचून ठेवलेली. ब्राझीलवाली नवऱ्याचा हात घट्ट धरून उभी होती. आईचं माहेर इनामगाव, तिथं हजारो वर्षांपूर्वीची वस्ती सापडली. "आमच्याकडं घराखालीच पुरलेली मान्सं निघाली," ती मला म्हणाली, "तिथं सायब लोकांनी किती वर्सं खोदलं. हितं निदान नीट लावून ठेवल्यात." आणि एका कवटीवरची धूळ पुसायला ती पदर पुढं करणार, इतक्यात मी तिला बाहेर काढलं.

दुपारी खाणीकडे गेलो. एका चढावर जुन्या गढीसारखी इमारत, तिकिटाची खिडकी आणि मागच्या बाजूला लोखंडी दार. तिथून पायऱ्या जमिनीखाली उतरतात. अंगात पांढरा डगला, डोक्यावर हेल्मेट, हातात दिवा. वाट काही ठिकाणी इतकी अरुंद की आडवं होऊन सरकावं लागतं. अर्ध्या तासाचा फेरा. आमची गाडीवाली गाडी लावायला खाली गेली आणि खाणीतली एक तरुण मुलगी आम्हाला आत न्यायला आली. आप्पांनी डगला हातात घेतला, उलटसुलट करून शिलाई पाहिली, आणि परत खुंटीवर अडकवला.

"तुम्ही जा. मी हितं थांबतो."

मला कारण माहीत होतं. म्हणूनच माझं डोकं फिरलं.

आप्पांची सगळी नोकरी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत झाली. तिथं साफसफाईला टाकीत माणूस उतरला की टाकीच्या तोंडाशी एक माणूस उभा करतात. त्याला स्टँडबाय म्हणतात. आत किती गेले ते त्यानं मोजायचं, घड्याळ बघायचं, जागा सोडायची नाही. आणि मोठा नियम असा की आत काहीही झालं तरी आपण आत जायचं नाही. भोंगा वाजवायचा, मास्कवाल्यांना बोलवायचं. धावत आत गेलेला दुसराही तिथंच आडवा होतो.

मी नववीत असताना टाकीतला एक माणूस वायूनं बेशुद्ध पडला. बाहेर आप्पा होते. ते आत गेले नाहीत. त्यांनी भोंगा वाजवला, मास्कवाले आले, माणूस वाचला. आज यवतला हायवेवर त्याचं चहाचं दुकान आहे आणि तो आप्पांना कधी नुसतं पाणी पिऊन पुढं जाऊ देत नाही, चहा घ्यावाच लागतो. पण तेव्हा गावात वेगळंच बोललं गेलं. शाळेत एका मुलीनं मला तोंडावर सांगितलं, "तुझा बाप बाहेरून नुसता बघत व्हता." मी घरी येऊन आप्पांना विचारलं, "आत मी असते तर?"

आप्पा बुटाला पॉलिश करत होते. म्हणाले, "तरी बी न्हाई."

बरोबरच होतं ते. आता मला कळतं. पण त्या गोष्टीला वीस वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही, हेही खरं. एकदाच का होईना खोटं बोलायचं होतं त्यांनी. मी त्यानंतर दहावी केली, पुण्याला शिकले, इतक्या लांब आले, आणि प्रत्येक वेळी स्टँडवर मला सोडायला आलेले आप्पा बसच्या दाराबाहेर उभे राहून आतल्या बायका मोजत असायचे. मला ते कधी प्रेम वाटलं नाही. ड्यूटी वाटली.

"आप्पा, ही कंपनी नाही," मी म्हणाले. "इथं लहान मुलं जातात. एकदा तरी आत या माझ्याबरोबर."

"कुनीतरी बाहेर लागतंय, पोरी."

"नाही लागत! कुणी नाही लागत!"

डच बहिणी माझ्याकडे बघायला लागल्या. आईनं मला दंडाला धरून दारातून आत ढकललं. मागं बघितलं तर आप्पा भिंतीला पाठ लावून मनगटावरचं घड्याळ बघत होते आणि ओठ हलत होते. सात पाहुणे, एक ती मुलगी. आठ.

आत थंड होतं, पाणी ठिबकत होतं. वाकून वाकून कंबर धरली. शेकडो वर्षांपूर्वी माणसं इथं शिड्यांनी उतरायची आणि चरबीच्या मिणमिणत्या दिव्यात दगड फोडायची, असं ती मुलगी सांगत होती. घाई नसलेली सहल असल्यामुळे कोरियनानं प्रत्येक कोपऱ्याचा फोटो काढला, धाकटी डच बहीण एका सांदीत अडकली आणि हसण्यामुळे आणखीच अडकली. आईनं तिला "श्वास सोडा, पोट आत घ्या" असं मराठीत सांगितलं आणि ती खरोखर सुटली. पायऱ्या चढून उजेडात आलो तेव्हा अर्ध्या तासाची पंचावन्न मिनिटं झाली होती.

आणि समोर ते लोखंडी दार नव्हतं. आम्ही टेकडीच्या खाली, भलत्याच गल्लीत निघालो होतो. आत जायची वाट वर, बाहेर यायची खाली. तिकिटावर छापलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

आप्पांना फोन लावला. बंद. प्लांटमध्ये मोबाईलला बंदी असायची, त्यामुळे उभं राहिलं की फोन बंद करायचा ही त्यांची सवय. आईला गाडीवालीपाशी बसवून मी चढ धावत सुटले. मनात वाक्यं जुळवत होते, जरा रागाचीच. ते तिथंच उभे असणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. रात्र झाली असती तरी ते हलले नसते.

भिंतीपाशी कुणी नव्हतं. धपाट्यांची पिशवी तेवढी खाली ठेवलेली.

आयुष्यात पहिल्यांदा आप्पांची जागा मी रिकामी बघितली. तिकीट-खिडकीतल्या बाईला हातवारे करत विचारलं. ती चांगलं इंग्रजी बोलायची. म्हणाली, ते गृहस्थ ना? ते सारखे येऊन घड्याळ दाखवत होते. माणसं दुसरीकडून निघतात असं तिनं दोनदा सांगितलं, पण ते ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. "माय डॉटर इनसाइड, टाइम ओव्हर" एवढंच म्हणत होते. मग पुढच्या गटासाठी दार उघडलं तेव्हा डगला नाही, दिवा नाही, तसेच आत शिरले. खाणीतली माणसं ओरडत मागं गेली आणि त्यांच्या डोक्यावर हेल्मेट घातलं.

मी पुन्हा खाली धावले. बाहेर यायच्या वाटेशी उभी राहिले. करण्यासारखं काहीच नव्हतं, तेव्हा घड्याळ बघत राहिले. वीस मिनिटं मी तिथं होते. ज्याला मी नुसतं उभं राहणं म्हणत आले, ते माझ्याच्यानं वीस मिनिटंही धड होत नव्हतं.

आप्पा सगळ्यांच्या पुढं बाहेर आले. शर्टाच्या दोन्ही बाह्या चिखलानं माखलेल्या, हेल्मेट वाकडं. त्यांनी मला बघितलं, आईला बघितलं. मग गाडीपाशी उभ्या असलेल्या बाकीच्यांवरून बोट फिरवत हळूहळू मोजलं. सात पाहुण्यांचा आकडा जुळल्यावर ते तिथल्या दगडी पायरीवर बसले.

"तुम्ही आत का गेलात?" मी ओरडलेच. "नियम काय होता?"

"ठावं हाय मला नियम."

त्यांचा श्वास अजून लागलेला होता. मी शेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे न बघता, शाळेतल्या पोरासारखं, खालच्या आवाजात सांगितलं, "कुरकुंभात कुनाला बोलू नको."