विदर्भातले माड

“भूमिका घ्या हो, भूमिका!” असे म्हणत सर तर्जनीने टेबल ठोकत. टेबल सायबर कॅफेतले असल्यामुळे त्यावरचा कीबोर्ड उडे, आणि दुबईत बारा वर्षे काढून परतलेले कॅफेचे मालक अश्रफभाई काउंटरवरूनच म्हणत, “सर, भूमिका तुमची, पण टेबल माझा हाय.”

आपल्याही पाहण्यात असे एखादे गृहस्थ आले असतील. राज्यशास्त्राचे हे निवृत्त प्राध्यापक रत्नागिरीतून एक पुरोगामी ब्लॉग चालवीत. दोन हजार सातच्या सुमारास असे ब्लॉग नवे होते. राज्याच्या राजकारणावर लिहिणाऱ्या त्या गटात आम्ही पाच जण. तिघे परगावचे, येथले आम्ही दोघे. मी एका खासगी शाळेत मराठीचा शिक्षक. पन्नाशीपर्यंत स्वतःचे एक वाक्यही छापून न आलेला. मला संगणकावर मराठी टाइप करता येई, एवढ्याच पात्रतेवर माझी त्या पुरोगामी गटात वर्णी लागली होती. सर फुलस्केपवर लिहीत आणि मी टाइप करी. पासवर्ड मात्र त्यांच्याकडेच असे, आणि तो टाइप करताना ते मला खिडकीबाहेर पाहायला लावीत.

सरांच्या निर्भयतेला अंतराची अट होती. दिल्लीवर लिहिताना त्यांची लेखणी पेटे, मुंबईवर धुमसे, चिपळूणपर्यंत येता येता कोमट होई, आणि रत्नागिरीत शिरली की तिला थंडी वाजे. मंत्रिमंडळाचा राजीनामा ते दर पंधरवड्याला मागत. आमच्या गावच्या पुढाऱ्यांना मात्र, रस्त्यात भेटले की, स्वतःहून नमस्कार करीत. “सौजन्य आणि विचार वेगळे ठेवावेत,” असे ते नंतर मला समजावीत. मी मान डोलवी. मान डोलवण्यात मीही काही कमी नव्हतो.

हेच पुढारी आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. एकदा त्यांच्या सभेसाठी मुलांना अकरा वाजल्यापासून मैदानात बसवले होते. जांभ्या दगडाची ती जमीन तव्यासारखी तापते. कडेला चार माड. त्यांच्या सावल्या सरकतील तशी मुले बसल्या जागी सरकत होती. साहेब तीनला आले. तोवर सातवीतली एक मुलगी चक्कर येऊन पडली होती. साहेबांनी तिच्याकडे बोट दाखवून भावी पिढीच्या सहनशक्तीचे कौतुक केले, आणि टाळ्या पडल्या.

तो प्रसंग मी लिहिला. आयुष्यातला पहिला लेख, आणि खाली माझे नाव. सरांनी तो दोनदा वाचला. त्यांचा आवाज खरोखर कापत होता. “याला म्हणतात भूमिका!”

दुसऱ्या दिवशी लेख ब्लॉगवर आला. खाली नाव माझेच होते. पण पुढाऱ्यांच्या नावाऐवजी ‘एक लोकप्रतिनिधी’ आणि रत्नागिरीऐवजी ‘विदर्भातील एक तालुका’ असे झाले होते. मैदान, मुले, माड मात्र जसेच्या तसे.

संध्याकाळपर्यंत नागपूरच्या एका वाचकाने विचारले, “आमच्याकडे माड केव्हा लागले?”

अश्रफभाई हसून हसून बेजार झाले. “सर, दुबईत मी खजूर बघितला. नागपुरात माड काय नाय बघितला हो!”

आता तरी मुले रत्नागिरीत परततील असे मला वाटले. सरांनी चष्मा पुसला, मला खिडकीबाहेर पाहायला लावले, आणि दोन मिनिटांत चारही माड तोडून तेथे कडुलिंब लावले.

“तुमच्या नोकरीसाठीच हो,” ते म्हणाले. त्यांचा जावईही त्याच संस्थेत नोकरीला होता, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही बोलून दाखवले नाही. पुढे वर्षभर त्यांचे फुलस्केप मी टाइप करीत राहिलो. मनातल्या मनात मात्र त्यांना ‘कडुलिंब’ म्हणू लागलो.

तब्येत खालावल्यावर सर मुलाकडे बडोद्याला जायला निघाले. आदल्या दिवशी कॅफेत आले, वहीच्या पानावर पासवर्ड लिहून माझ्यापुढे सरकवला. “तुमचा तो लेख... माझ्याने झाले नाही. तुम्ही नीट करा.” टेबल ठोकण्यासाठी तर्जनी उचलली, आणि तशीच खाली ठेवली. पुढच्या पावसाळ्यात ते तिकडेच वारल्याचे कळले.

त्यानंतर मी तो लेख उघडला. कडुलिंब काढून माड लावले, विदर्भाची रत्नागिरी केली. पुढाऱ्यांचे नाव तीनदा टाइप केले, दोनदा खोडले, तिसऱ्यांदा राहू दिले. मग वरचे एक वाक्य दिसले: ‘शिक्षकांनी मुलांना उन्हात बसवले.’ त्याला सरांनी हात लावलेला नव्हता. ते मूळचे माझेच होते. सातवीच्या त्या मुलीला रांगेत बसवणारा शिक्षक मी होतो.

“गुरुजी, तास संपला,” अश्रफभाई म्हणाले. “वाढवू काय?”

“वाढवा,” मी म्हणालो. आणि कोणी पाहत नाही याची खात्री करून, तर्जनीने ते टेबल हलकेच एकदा ठोकले.