थोरली तीन दिवस गप्प राहिली

थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा, एकाच हॉस्पिटलात नर्स. औषधांची अदलाबदल थांबावी म्हणून थोरलीने आपल्या वॉर्डात दर बुधवारी बैठक सुरू केली होती. चुकतंय कुठे ते चिठ्ठीवर लिहायचं, एकच बदल आठवडाभर करून बघायचा, आकडे फळ्यावर मांडायचे. नुसता तो फळा मंजूर व्हायला तिने आठ महिने साहेबांचे उंबरे झिजवले. पण चार वर्षांत चुका निम्म्यावर आल्या.

साथ आली आणि बैठक पहिल्याच आठवड्यात बंद पडली. फळ्यावरचे आकडे पुसून तिथे खाटांचे नंबर लिहिले गेले. थोरलीला दमा, म्हणून तिची रवानगी स्टोअरमध्ये, हातमोजे मोजायला. तिच्या वॉर्डात गेली धाकटी.

धाकटी घरी बाहेरच्या खोलीत वेगळी राहायची. संध्याकाळी दार किलकिलं करून बोलायची आणि सगळं घर खुर्च्या ओढून ऐकत बसायचं.

"आज मी पेशंटच्या शिरेत औषध सोडणारे पंप खोलीबाहेर काढले," ती म्हणाली. "लांब नळ्या लावल्या. आता औषध कमी-जास्त करायला दर वेळी तो संसर्गाचा सूट चढवून आत जायला नको. साहेब दुपारीच हो म्हणाले!"

"पोरगी हुशार आहे हो," सासरे म्हणाले.

दुपारीच! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण ऐकता ऐकताच तिच्या ध्यानात आलं, की एका खोलीत दोन पेशंट आणि एकाच दारातून दोन नळ्या. कुठली कुणाची, हे बाहेरून कसं कळणार? शब्द ओठांवर आले होते. ते तिने गिळले. बघू दे हिचं हिलाच, असं मनात म्हणत ती भांडी आवरायला उठली.

चौथ्या दिवशी धाकटी आली ती पांढरीफटक पडून. "ताई, नळ्यांची अदलाबदल झाली. भलत्याच पेशंटचं औषध वाढवत होते. बटण दाबणार, तेवढ्यात शंका आली."

थोरली दाराशी आली. "मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"पोटात दुखलं माझ्या. तुझं कौतुक बघवेना."

धाकटीने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने स्टोअरमधून रंगीत चिकटपट्ट्या पाठवल्या. सोबत चिठ्ठी: एका पेशंटला एक रंग, नळीच्या दोन्ही टोकांना आणि पंपालाही, पट्टीवर पेशंटचं नाव, आणि हात लावण्याआधी दोन नर्सनी ते वाचायचं. दुपारी धाकटीचा फोन आला. आवाज कोरडा होता, पण प्रश्न नेमके होते. तेव्हापासून रोज दहा मिनिटं दोघी फोनवर बोलू लागल्या, फक्त कामाचं. पुन्हा नळ्यांची अदलाबदल झाली नाही.

साथ ओसरल्यावर सत्कार झाला तो धाकटीचा. हातात शाल घेऊन ती माइकवर म्हणाली, "चिकटपट्ट्यांची कल्पना आमच्या ताईंची." सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. थोरलीने हसून टाळ्या वाजवल्या. ते तीन दिवसांचं गप्प राहणं धाकटीने पोटात ठेवलं होतं, हे थोरलीला कळत होतं. पण चार वर्षांच्या बैठकांनंतरही त्या एका वाक्याएवढंच आपलं माप निघालं, हे तिला काही केल्या पचेना.